प्रवचनातला ‘दृष्टांत’: शब्द कोणता आणि तो वाचनातून कसा काढायचा

प्रश्न असा आहे: चर्चमधल्या प्रवचनात मुद्दा समजावा म्हणून जे छोटे उदाहरण किंवा प्रसंग सांगतात, त्याला इंग्रजीत ‘सर्मन इलस्ट्रेशन’ म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणावे? उदाहरण, दाखला, दृष्टांत की बोधकथा? आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) अशा उपासना-ऋतूंच्या वाचनांना, म्हणजे त्या त्या दिवसासाठी नेमलेल्या बायबलच्या उताऱ्यांना, जुळणारे दृष्टांत शोधायचे कसे? शिवाय तो शब्द लिहायचा कसा?

माझे उत्तर ‘दृष्टांत’ असे आहे. कारण कळले की दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही हाती येते. ‘इलस्ट्रेशन’चे भाषांतर ‘चित्र’ किंवा ‘चित्रण’ करणे तर पूर्ण चूक आहे. ‘प्रवचन चित्रे’ असे कुठे छापलेले दिसले, तर ते यंत्राने केलेले भाषांतर समजावे.

‘दाखला’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, ‘दाखल’ याचाच भाऊ. मराठीत तो पुराव्याचा झाला: जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, कोर्टात आधीच्या निकालाचा दाखला. म्हणून दाखला म्हटले की ऐकणाऱ्याला घडलेली, तपासता येणारी गोष्ट अपेक्षित असते. त्यात ख्रिस्ती मराठीत हा शब्द येशूने सांगितलेल्या गोष्टींसाठी घट्ट रुजला आहे. ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ हे शब्द न ऐकलेला मराठी ख्रिस्ती माणूस सापडणे कठीण. त्या गोष्टींना ‘दृष्टांत’ही म्हणतात, हे खरे. पण धर्मगुरू व्यासपीठावरून “एक दाखला सांगतो” म्हणाले, तर लोक शुभवर्तमानातली (मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावांच्या येशूचरित्रांतली) गोष्ट ऐकायला सावरून बसतात आणि पुढे वीजबिलाची गोष्ट निघाली की गोंधळतात. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतील, तर येशूचा तो ‘दाखला’ आणि प्रवचनकाराचा तो ‘दृष्टांत’, ही वाटणी सोयीची पडते.

‘बोधकथा’ स्वतःचा बोध स्वतःच घेऊन येते. वाचनाचा बोध एक आणि कथेचा दुसरा, म्हणजे एका प्रवचनात दोन प्रवचने. कीर्तनकार ज्याला ‘प्रमाण’ म्हणतात, तेही वेगळे. बायबलमधलेच दुसरे वचन पुढे ठेवले की ते प्रमाण झाले. त्याने मुद्द्याला आधार मिळतो, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. आणि ‘आख्यान’ म्हणजे कीर्तनाच्या उत्तररंगातला विस्तार. तेवढी जागा रविवारच्या प्रवचनात नसते.

आता ‘दृष्टांत’. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, त्याची व्याख्या आहे: “लौकिकपरीक्षकाणां यस्मिन्नर्थे बुद्धिसाम्यं स दृष्टान्तः”. साधा माणूस आणि जाणकार परीक्षक या दोघांचे ज्या गोष्टीबद्दल एकमत असते, तो दृष्टांत. प्रवचनासाठी याहून चांगली कसोटी नाही. ऐकणारा लौकिक माणूस म्हणाला, “हे मला ठाऊक आहे”, आणि त्या विषयाचा जाणकार म्हणाला, “हे असेच असते”, तर दृष्टांत टिकला. दोघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी तो टाकावा.

या कसोटीवर सर्वांत आधी पडतो तो गरुडाचा प्रसिद्ध किस्सा. बायबलमधल्या यशया 40:31 मध्ये परमेश्वराची वाट पाहणारे गरुडासारखे पंखांनी उडतील असे वचन आहे आणि कॅथोलिक वाचनमालेत हा उतारा आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी येतो. तो आला की हमखास सांगतात: गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून मोडतो, नखे उपटतो, पाच महिने बसून राहतो आणि मग आणखी तीस वर्षे जगतो. असे होत नाही. चोच मोडलेला शिकारी पक्षी खाऊ शकत नाही, तो उपाशी मरतो. खरी गोष्ट साधी आहे आणि वचनाला जास्त जुळते: गरुडाची पिसे थोडी थोडी झडतात आणि त्या जागी नवी येतात. सगळी एकदम झडली तर त्याला उडताच येणार नाही. स्तोत्र 103:5 मधल्या ‘तारुण्य नवे होणे’ याला हा दृष्टांत लागतो. त्यात आत्मक्लेशाचा थरार नाही, पण पक्षितज्ज्ञ समोर बसला असेल तरी सांगता येतो.

मराठीत दृष्टांताची बांधणी किती काटेकोर होती, हे पाहायला महानुभावांच्या दृष्टांतपाठाकडे जावे. केसोबासांनी तेराव्या शतकात चक्रधरांचे 114 दृष्टांत एकत्र केले आणि प्रत्येकाला तीन अंगे दिली: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगायचा सिद्धान्त. दृष्टांत म्हणजे व्यवहारातली गोष्ट. दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीतले काय सिद्धान्तातल्या कशाला लागते, याची उकल. आजच्या प्रवचनांत पहिली दोन अंगे असतात, तिसरे गळते. गोष्ट रंगते, लोक हसतात, आणि मग “तर प्रियजनहो” म्हणून प्रवचनकार भलत्याच मुद्द्यावर जातो. लोक गोष्ट घरी नेतात, वाचन चर्चमध्येच राहते.

म्हणून शोधाची सुरुवात गोष्टीपासून करू नये. सोमवारी रविवारची वाचने काढावीत. 1969 पासून कॅथोलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात: ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) व मार्कच्या वर्षी मधल्या काही रविवारी. जगातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1992 ची सुधारित सामाईक वाचनमाला वापरतात. तिचेही चक्र असेच आहे आणि पुष्कळ रविवारी शुभवर्तमानाचा उतारा दोन्हीकडे एकच पडतो. वर्ष ओळखायला सनाला 3 ने भागावे: बाकी 1 तर अ, 2 तर ब, शून्य तर क. 2026 ला बाकी 1 उरते, म्हणून ते अ. चूक होते ती डिसेंबरात. वाचनवर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलते, म्हणून त्या दिवसापासून पुढच्या सनाचा आकडा घ्यायचा. हे विसरले की जुन्या वहीतले दृष्टांत भलत्याच शुभवर्तमानाला जोडले जातात.

वाचन हाती आले की त्यातले विषय शोधू नयेत, त्यातली क्रियापदे आणि वस्तू अधोरेखित कराव्यात. ‘श्रद्धा’, ‘क्षमा’, ‘आशा’ या विषयांवर दृष्टांत शोधले तर शेकडो मिळतात आणि एकही नेमका लागत नाही. क्रियापदावर शोधले तर दोनच मिळतात, पण लागतात.

आगमनकाळाचा तिसरा रविवार, अ वर्ष घ्या. दुसरे वाचन याकोब 5:7-10. शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, त्याला पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. क्रियापद ‘धीर धरणे’, वस्तू ‘पाऊस’. महाराष्ट्रात या उताऱ्यावर सर्रास मृगाचा पाऊस सांगितला जातो आणि तिथेच घसरायला होते. पॅलेस्टाइनमधला पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन नांगरण्याजोगी करतो आणि शेवटला मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरतो. तिथे शेवटला पाऊस म्हणजे वरदान. आपल्याकडे ‘शेवटचा पाऊस’ म्हटले की कापणीला आलेले भात आणि सोयाबीन भिजवणारा परतीचा पाऊस आठवतो. याकोबाने आशेचे चिन्ह म्हणून सांगितलेली गोष्ट आपल्या श्रोत्याच्या मनात नुकसानभरपाईचा पंचनामा होते.

मग इथे काय लागेल? रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हस्ताच्या पावसाने धरलेल्या ओलीवर ती येते. डिसेंबराच्या मध्याला पीक पोटरीच्या किंवा निसवण्याच्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या, सुमारास असते. वरून पाऊस येणार नाही, पाणी देण्याची सोय नाही. जे व्हायचे ते जमिनीत आधीच पडलेल्या ओलीवर होते. शेतकऱ्याच्या हाती राखण तेवढी. दार्ष्टान्तिक एका वाक्यात लिहावे: जशी ज्वारी दिसणाऱ्या पावसावर नव्हे, मुरलेल्या ओलीवर भरते, तसा विश्वासणारा आधी मिळालेल्या वचनावर धीर धरतो. ‘जसा-तसा’ मध्ये दोन्हीकडे क्रियापद बसले नाही, तर दृष्टांत जमला नाही असे समजावे.

पण हाच दृष्टांत वसईत लागत नाही. तिथे भात केव्हाच घरात आलेले असते, ज्वारीची पोटरी बहुतेकांनी पाहिलेली नसते. ‘लौकिक’ माणूस गावागणिक बदलतो. तिथे केळीचा घड घेता येतो. घड बाहेर पडल्यापासून काढणीपर्यंत काही महिने जातात आणि तो घाईने उतरवला तर पिकवता येतो, भरवता येत नाही.

भाषाप्रेमी म्हणून मला सर्वांत आनंद देणारा प्रकार मात्र वेगळा आहे: जिथे आपला शब्द हाच दृष्टांत होतो. सामान्यकाळाचा (मोठ्या सणांच्या ऋतूंबाहेरच्या काळाचा) सतरावा रविवार, अ वर्ष, मत्तय 13:47. स्वर्गाचे राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखे आहे. ग्रीक शब्द ‘सागेने’, म्हणजे किनाऱ्याकडे ओढून आणायचे लांब जाळे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात यालाच रापण म्हणतात. अनेक माणसे दोन्ही टोकांनी ती वाळूवर ओढतात, तिच्यात लहानमोठे, विकाऊ-टाकाऊ सगळे येते, आणि निवड काठावर बसून होते. शुभवर्तमानात ‘बसून’ हा शब्दही आहे. मत्तय 4:18 मध्ये शिमोन आणि अंद्रिया टाकत असतात ते जाळे निराळे, एकट्याने हाताने फेकायचे. कोकणात ते पाग. दोन्हींना ‘जाळे’ म्हटले की फरक बुजतो. रापण म्हटले की दोन गोष्टी आपोआप उलगडतात: ओढताना निवड करता येत नाही, आणि ओढणारा एकटा नसतो. हे वाचन जुलैच्या शेवटी येते, तेव्हा पावसाळ्यामुळे मासेमारी बहुतेक बंद असते. म्हणून मासळीने भरलेली रापण आठवणीतून सांगावी, “काल तुम्ही ओढलीत ना” असे म्हणू नये.

त्याआधी दोन रविवार पेरणाऱ्याचा दाखला येतो. ऐन पेरणीचा महिना, तरी शेतकरी श्रोत्याला कोडे पडते: पाभरीने, म्हणजे ओळीत बी सोडणाऱ्या अवजाराने, पेरले तर बी वाटेवर पडेल कसे? इथे ‘पेरणे’ऐवजी ‘फोकणे’ म्हणावे. मुठीने बी फोकले की ते वाटेवर, काट्यांत, खडकावर जाणारच. एका शब्दाने कोडे सुटते.

प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, अ वर्षी, शोमरोनी स्त्री विहिरीवर येते आणि येशू ‘जिवंत पाणी’ देऊ करतो. आपल्याकडे ‘विहिरीला जिवंत झरा आहे’ असे रोज म्हणतात. ग्रीकमध्येही ‘जिवंत पाणी’ म्हणजे वाहते, झऱ्याचे पाणी. स्त्रीचा गैरसमज नेमका त्यातूनच होतो. मार्चमध्ये विहिरी तळाला जाताना साठवणीचे पाणी आणि झऱ्याचे पाणी यातला फरक वेगळा समजावावा लागत नाही.

पण इथेच एक मोठा मोह आहे. त्याच काळात ‘उपवास’ शब्दाची फोड ‘उप + वास, म्हणजे देवाजवळ राहणे’ अशी करून त्यावर अख्खे प्रवचन उभारले जाते. फोड बरोबर आहे, संस्कृतची आहे. पण यशया 58 मधल्या उपासासाठी जो हिब्रू शब्द आहे, ‘त्सोम’, त्यात हा अर्थ नाही. तिथे देव मागतो ते बेड्या सोडणे आणि भुकेल्याला भाकर देणे. व्युत्पत्ती दृष्टांत होऊ शकते, पुरावा होऊ शकत नाही. “आपल्या भाषेत उपवासाला असे म्हणतात” इतपत सांगावे, “म्हणून यशया असे म्हणतो” असे कधीही म्हणू नये. ‘आगमनकाळ’ या शब्दाचेही थोडे तसेच आहे. आगमन म्हटले की मराठी मनात ढोलताशे आणि गणपती येतो, वाट पाहणे मागे पडते. ते शब्दानेच परत आणावे लागते.

मोजमापाचे थोडक्यात. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये असे सुचवले. मराठीत संथ लयीत बोलले तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, म्हणजे सगळे मिळून 800. दृष्टांताला 150 पुरेत, दार्ष्टान्तिकाला 30, आणि एका प्रवचनात एकच दृष्टांत. दुसरा घातला की पहिला पुसतो. घडलेला प्रसंग असेल तर ऐकणाऱ्यांपैकी कोणाची ओळख पटेल असे तपशील गाळावेत. कबुलीसंस्कारात, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या विधीत, ऐकलेले तर नाव बदलूनही सांगता येत नाही.

लेखनाबद्दलही विचारले आहे. ‘दृष्टांत’ आणि ‘दृष्टान्त’ दोन्ही चालतात, एका लेखात एकच ठेवावे. विशेषण ‘दार्ष्टान्तिक’ असेच, ‘दृष्टांतिक’ नाही. आणि शाळेतला ‘दृष्टांत अलंकार’, ज्यात तुकोबांची मुंगी आणि ऐरावत येतात, तोही याच कुळातला आहे. पण तिथे सिद्धान्त आणि दृष्टांत शेजारी ठेवून कवी गप्प बसतो, दार्ष्टान्तिक वाचकावर सोडतो. रविवारी ते प्रवचनकारालाच करावे लागते.