देवणी, डांगी की होल्स्टिन संकर? रंगाआधी काय बघायचं

प्रश्न असा आहे की देवणी म्हणून दाखवलेली काळी-पांढरी कालवड खरंच देवणी या देशी जातीची आहे, डांगी या दुसऱ्या देशी जातीची आहे की विदेशी होल्स्टिनचा संकर, हे फोटोवरून सांगता येईल का. सोबत लाल कंधारी, खिल्लार आणि गवळाऊ या देशी जातींच्या खुणाही विचारल्या आहेत.

नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणं अवघड आहे. फोटोत आधी डोळ्यांत भरतो तो रंग, आणि जात ठरवताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा असतो. आधी कपाळ, शिंगांचं बूड आणि कान बघा. मग वशिंड, गळ्याखालची पोळी, बेंबीजवळची कातडी आणि खूर.

होल्स्टिनचं रक्त आहे का, हे आधी तपासा. कालवड सपाट जागी उभी करून बाजूने बघा. देशी कालवडीचं वशिंड लहान असलं तरी खांद्यावर उंचवटा स्पष्ट दिसतो, पोळी हनुवटीखालून छातीपर्यंत घड्या घेत उतरते आणि बेंबीजवळ कातडीची सैल झालर लोंबते. संकरित जनावराची मान ते शेपूट ही रेघ बरीच सरळ जाते आणि पोटाखालची कातडी घट्ट बसलेली असते. तरी एकाच खुणेवर निकाल देऊ नका, कारण पहिल्या पिढीच्या संकरात थोडं वशिंड आणि थोडी पोळी शिल्लक राहते. तिथे पांढऱ्या ठिपक्यावरचे केस बोटांनी फाकवून खालची कातडी बघावी. होल्स्टिनमध्ये पांढऱ्या केसांखाली ती गुलाबी असते. शेपटीचा गोंडा पांढरा, गुडघ्याखाली पाय पांढरे, खूर फिकट आणि कान आखूड, आडवे, आतून केसाळ असे एकत्र दिसले की संकर धरून चाला. देवणीचं नाक, पापण्या आणि खूर काळे असतात.

आता देवणी. तिचा मूळ पट्टा लातूर, नांदेड, परभणी आणि शेजारचा बीदर. कपाळ रुंद आणि किंचित फुगीर, कान लांब व लोंबते, शिंगं मध्यम जाडीची, बाजूला निघून वर वळणारी. रंगावरून तिचे तीन प्रकार आहेत. बालंक्याचं अंग पांढरं असतं, काळे ठिपके असलेच तर पोटाच्या बाजूला. वानेराचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. शेवराच्या पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके असतात. बाजारातली फसगत इथेच होते: ठिपके नाहीत म्हणून चांगली बालंक्या नाकारली जाते आणि ठिपके आहेत म्हणून संकरित कालवड देवणीच्या भावाने गळ्यात पडते.

देवणीत गीर ही गुजरातची जात मिसळलेली असेल तर ते डोक्यावर उमटतं. गीरचं कपाळ घुमटासारखं बाहेर आलेलं असतं. कान वळलेल्या पानासारखे असून टोकाशी खाच असते. शिंगं बुडापासूनच खाली आणि मागे जातात, मग वर वळतात. कपाळ जरुरीपेक्षा जास्त फुगलेलं आणि शिंगं खाली झुकलेली दिसली तर विक्रेत्याला सरळ विचारा की आईला कुठल्या वळूचं रेतन केलं होतं.

डांगीही पांढऱ्यावर काळी किंवा तांबडी ठिपकेवाली, म्हणून घोळ होतो. पण तिचं डोकं लहान, कान छोटे, शिंगं आखूड आणि जाड. इगतपुरी, अकोले, पेठ, सुरगाणा या मुसळधार पावसाच्या भागातलं हे जनावर. कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात न मुरता ओघळून जातं. पाठीवरून तळहात दाबून फिरवला तर हाताला तुकतुकीत तेलकटपणा लागतो. मात्र विक्रीसाठी वरून तेल चोळलेलं असू शकतं. म्हणून कानामागे आणि मांडीच्या आतही हात लावून बघा. काळे, टणक खूर ही तिची दुसरी ठसठशीत खूण. भातखाचरात दिवसभर उभं राहूनही ते लवकर खराब होत नाहीत.

लाल कंधारी ओळखायला त्या मानाने सोपी. सगळं अंग एकसारखं लाल, फिकट लालपासून जवळजवळ तपकिरीपर्यंत, आणि वळू गायीपेक्षा गडद. डोळ्यांभोवती काळं वलय असतं. अंगावर मोठे पांढरे ठिपके असतील तर शंका घ्या. लाल गीर कपाळ-कानावरून वेगळी काढता येते. साहिवाल ही दुसरी लालसर जात जास्त भारी अंगाची, शिंगं अगदी आखूड. साहिवाल गायींची शिंगं पुष्कळदा हलवली की हलतात.

खिल्लार आणि गवळाऊ दोन्ही पांढऱ्या-करड्या, पण शेजारी उभ्या केल्या तर चुकायला जागा नाही. खिल्लारचं तोंड लांब आणि निमुळतं, कपाळाच्या मधोमध उभी पन्हळ, आणि शिंगं टाळूवर एकमेकांजवळून निघून मागे जात लांब कमान करतात. शिंगं साळून, तासून आकार दिलेला असतो, म्हणून टोकावर भाळू नका, बूड बघा. कातडी अंगाला घट्ट, पोळी बेताची. नुकत्याच जन्मलेल्या खिल्लार वासराच्या टाळूवर गंजासारखी तांबूस छटा असते, ती एक-दोन महिन्यांत जाते. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ अंगाने हलकी आणि चपळ, डोळे बदामी, शिंगं आखूड बोथट, पोळी मात्र मोठी.

कोकण कपिला हे लहान, आटोपशीर बांध्याचं जनावर आहे आणि रंग अनेक. तिथे रंगावरून काहीच ठरत नाही.

एक वर्षाच्या आतल्या कालवडीची शिंगं आणि कपाळ पुरतं उमटलेलं नसतं, म्हणून आई दावणीला बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. आईचं दूध संध्याकाळी आणि सकाळी समोर काढून घ्या. मोजणीच्या आधीच्या वेळी कास पूर्ण निथळून रिकामी करा, नाहीतर तुंबवलेल्या कासेचं दूध मोजलं जातं. देवणी वेताला साधारण ६०० ते १२०० लिटर देते, खिल्लार त्याच्या निम्म्यानेही नाही. आई दिवसाला १५ लिटर देते असं कुणी सांगितलं तर ती शुद्ध देवणी नाही असंच समजा. वय सांगण्यावरून न धरता दातावरून धरा: आदत म्हणजे पक्का दात अजून आलेला नाही, दुसा म्हणजे दोन पक्के दात, साधारण अडीच वर्षं, चौसा म्हणजे चार दात, तीन-साडेतीन.

कालवड देवणीच निघाली तर पुढे रेतन देवणीच्याच वळूचं करा. गोठवलेल्या रेताची कांडी रेतनाच्या नळीत घालण्याआधी तिच्यावर छापलेली जात आणि वळूचा क्रमांक वाचा, वहीत कालवडीच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासमोर तारखेसह लिहा. ती गावठी निघाली तरी टाकून देऊ नका. दर पिढीला शुद्ध देवणी वळू वापरला तर पहिल्या वेताच्या कालवडीत ५० टक्के, तिच्या कालवडीत ७५, मग ८७.५ असं देवणी रक्त चढत जातं. मध्ये एकदा जरी दुसऱ्या जातीची कांडी पडली तरी ते एकदम निम्म्यावर येतं.