गावचा गणपती आणि रांगतं बाळ

तुला अगं-तुगं करतेय, वयाचा हक्क समज. तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाळ साडेदहा महिन्यांचं, रांगतंय, धरून उभं राहतंय. पहिल्यांदाच राजापूरजवळच्या सासरच्या गावी गणपतीला सात दिवस राहायचं आहे, जुनं कौलारू घर, पंचवीसेक माणसं. आणि विचारलंयस की खरेदीच्या यादीत काय काय घेऊ: सॉकेटची झाकणं, कोपऱ्यांना लावायचे रबर, प्लेपेन, मच्छरांचे पट्टे.

मी डॉक्टर नाही. दोन मुलं वाढवली, आमचं गाव देवगड तालुक्यात, आणि गेली सतरा-अठरा वर्षं एकही गणपती चुकलेला नाही. त्या जोरावर सांगते की यादीतलं निम्मं सामान तिथे उपयोगाचं नाही. जुन्या घरात सॉकेट छातीच्या उंचीवर असतात. धोका वेगळीकडे असतो.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. धाकटा तेव्हा तेरा महिन्यांचा. संध्याकाळची आरती, माजघरात पाय ठेवायला जागा नाही, टाळ-झांजांचा गजर. मला वाटलं बाळ सासूबाईंकडे आहे, सासूबाईंना वाटलं जाऊबाईंकडे, आणि जाऊबाई प्रसादाचं बघायला आत गेलेल्या. मंत्रपुष्पांजली चालू असताना तो माझ्या साडीला धरून उभा राहिला म्हणून उचलून घेतला. पापा घ्यायला गेले तर तोंडाला कापराचा भपकारा. खाली बघितलं तर आरतीच्या तबकाशेजारी कापराची डबी आडवी, झाकण भलतीकडे. किती वड्या खाल्ल्या कुणालाच माहीत नाही. गाडी काढली, ग्रामीण रुग्णालय चाळीस मिनिटांवर, आणि वाटेतच माझ्या मांडीवर त्याला फिट आली. दोन रात्री तिथे काढल्या. पोरगा वाचला, आज माझ्यापेक्षा उंच आहे, पण आरतीत कापूर पेटला की अजून माझे हात गार पडतात.

कापूर लहान मुलांना विषारी असतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पोटात गेल्यावर काही मिनिटांतसुद्धा फिट येऊ शकते, आणि एवढ्याशा बाळाला एखाद-दुसरी वडीही धोक्याची. भीमसेनी कापराचे खडे तर हुबेहूब खडीसाखर. कधी असं झालंच तर घशात बोट घालून किंवा मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, डबी बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. वाटेत फिट आली तर बाळाला कुशीवर ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवणारे काका प्रत्येक गावात असतात, त्यांना नम्रपणे बाजूला करायचं. आणि सर्दीसाठी गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात ना, तीही नको.

पण खरी चूक डबीची नव्हती. पंचवीस माणसं घरात असली की प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तू एकटी असतेस तेव्हा बाळ उलट जास्त सुरक्षित असतं. म्हणून त्यानंतर आम्ही नॅपकिन काढला. साधा पिवळा नॅपकिन, ज्याच्या खांद्यावर तो, बाळ त्याचं. बाळ दुसऱ्याकडे द्यायचं तर नॅपकिनसकट द्यायचं आणि घेणाऱ्याने तोंडाने म्हणायचं, "घेतला." ज्याच्याकडे नॅपकिन त्याने मोबाइल, पत्ते आणि मोदकाचं पीठ यातल्या कशालाही हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी सासरे नॅपकिन सोडेनात. पुढच्या वर्षी तर आरतीला उभं राहण्याआधी चुलतसासऱ्यांनीच विचारलं, "नॅपकिन कोणाकडे?" तुझ्या यादीत हा सगळ्यात वर लिही.

गेल्या गेल्या अर्धा तास काढ आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत ओटी, माजघर, स्वयंपाकघर फिर. लाज वाटू देऊ नकोस, नवऱ्यालाही घे. तेवढ्या उंचीवरून जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही: पलंगाखालची उंदराच्या औषधाची वडी, कोनाड्यातली रॉकेलची बाटली (बहुधा पाण्याच्याच बाटलीत भरलेली), लोंबती टेबलक्लॉथ, समईची वात. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशाखाली किंवा खिडकीत असतात. शुगरची एक गोळीसुद्धा एवढ्या बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते. आणि हल्ली नवीन भर म्हणजे सजावटीतले बॅटरीवरचे दिवे आणि जत्रेतली लुकलुकणारी खेळणी. त्यातला चपटा गोल सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेला दवाखाना गाठायचा, "शौचावाटे पडेल" म्हणून थांबायचं नाही.

आता पाणी. विहिरीची भीती तुला आहेच, कठडा नसेल तर असायलाच हवी, पण रांगतं बाळ विहिरीपर्यंत जाण्याआधी न्हाणीतल्या बादलीपाशी पोचतं. या वयात डोकं जड असतं. बादलीच्या काठाला धरून डोकावलं की तोल जातो आणि स्वतःला परत वर ओढता येत नाही. वीतभर पाणी पुरतं, आणि आवाजही येत नाही. त्यामुळे न्हाणीच्या दाराला वरून कडी, बादल्या रिकाम्या नि पालथ्या.

भाजण्याचं तसंच. बंबाचं पाणी काढताना बादलीत आधी गार, मग कढत, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला सांग. उलटं केलं की "विसण घेऊन येते" म्हणत माणूस वळतो तेवढ्यात बाळाचा हात आत जातो. दुसरी वेळ रात्रीची, भजनी मंडळ येतं तेव्हाची. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर चहाचे पंचवीस कप, आणि सतरंजीचं टोक ओढायला तुझं बाळ. कपातला चहा दहा-पंधरा मिनिटांनीसुद्धा बाळाची कातडी भाजू शकतो. भजनाच्या वेळी बाळ आतल्या खोलीत. भाजलंच तर कपडे, वाळे, हातातला काळा दोरा पटकन काढून वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नाही. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढायचा नाही.

खाण्यापिण्यावरून वाद होणार हे धरूनच चाल. पंचखाद्यातला खोबऱ्याचा तुकडा, फुटाणे, शेंगदाणे, अख्खा काजू, डाळिंबाचा दाणा प्रेमाने बाळाच्या तोंडात जातोच. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर कधीकधी दोन मिनिटं ठसका लागतो आणि मग सगळं शांत होतं, आणि लोक म्हणतात गेला खाली. नंतर खोकला थांबत नाही, छातीत घरघर होते. असा ठसक्याचा इतिहास असला तर डॉक्टरांना तो आपणहून सांगायचा. श्वासच अडकला, रडण्याचा आवाज फुटेना, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि वस्तू निघेपर्यंत हेच आलटून-पालटून. दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. निघण्याआधी तुझ्या बालरोगतज्ज्ञांकडून बाहुलीवर करून घे, नवऱ्यालाही शिकव.

मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही, त्यातले जिवाणू बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. नाकात तेलाचे थेंब नाहीत, तेल फुफ्फुसात उतरतं. गुटीबद्दल माझं मत मवाळ आहे, पण अनोळखी सहाणेवर, अनोळखी पाण्यात उगाळलेली नको. आता हे सासूबाईंना कसं सांगायचं? "आई, तुमचं बरोबर असेल, पण आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय." शक्य असेल तर खरंच लिहून घे. कागद दाखवला की निम्मे वाद संपतात आणि तुझ्यावर राग राहत नाही. मी भांडून बघितलंय, उपयोग होत नाही.

पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर किमान मिनिटभर खळखळू दे, मग झाकून गार कर. भाद्रपदात विहीर काठोकाठ भरलेली असते आणि वरचं सगळं तिच्यात उतरतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. अंगावर पाजत असशील तर सात दिवस अजिबात कमी करू नकोस.

जुलाब झाले तर ओआरएस, आणि ओआरएस म्हणजे पुडी. रंगीत गोड पेयाचा टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात, आणि 2025 च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या पेयांवर ओआरएस लिहायलाच मनाई केली. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच, चिमूट-चिमूट नाही, आणि उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं. तुला 200 मिलिच्या पुड्या सोयीच्या. प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलि, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला दिवसाला 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. सहा तास शू झाली नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं तर घरी थांबायचं नाही.

तापाचं औषध घरूनच ने, आणि किती मिलि ते बाटलीवरच लिहून घे. गोंधळ होतो तो थेंब आणि सिरपमध्ये. पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारणपणे एका मिलिमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, सिरपात पाच मिलिमध्ये 120 किंवा 250. सिरपच्या मापाने थेंब दिले की दुप्पट ते चौपट डोस जातो. खोकल्याचं औषध मात्र गावच्या दुकानातून कुणी आणलं तरी देऊ नकोस. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात 2025 मध्ये खोकल्याच्या विषारी औषधाने मुलं दगावली, ते विसरलो नाही ना आपण? केंद्राच्या सूचनेनुसारही दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही.

साप-विंचवाची भीती तू शेवटी, जरा लाजत विचारलीयस. लाजू नकोस, चिऱ्यांच्या गडग्यात फुरसं असतंच. बाळाला जमिनीवरच्या गादीत झोपवणार असशील तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून. डासांसाठीही तीच, ते मनगटाचे पट्टे परत कर. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश बरेचदा दुखत नाही. रात्री बाळ एकाएकी कळवळून रडलं, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसली नाही तरी निघायचं. घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वळायचं नाही. विंचू चावला आणि घाम, उलट्या, गार हातपाय अशी लक्षणं दिसली तर तीही तातडीचीच वेळ. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवल्यापासून लाल विंचवाने दगावणारी मुलं खूप कमी झाली, पण गोळी वेळेत मिळायला हवी. म्हणून पोचल्याच्या दिवशीच चौकशी करून ठेव: सर्पदंशाची लस कुठे आहे, रात्री डॉक्टर कुठे असतात, कोणाची गाडी चालू स्थितीत आहे. 108 लावायचाच, पण डोंगरातल्या वाडीत रेंज कुठल्या झाडाखाली येते तेही विचारून घे. चेष्टा नाही करत, आमच्याकडे फणसाखाली येते.

गाडीने जाताय ना? बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड असलेल्या कारसीटमध्ये. कितीही रडलं तरी पुढे मांडीवर नाही. दर दोन तासांनी थांबा.

राहिलं प्लेपेन. घेऊ नकोस. आम्ही माजघराच्या कोपऱ्यात दोन जड बाकं आडवी लावून कुंपण केलं होतं, आत सतरंजी, पातेली, पळ्या आणि एक रिकामा नारळ. नारळ सगळ्यात जास्त चालला.