डेबियन लिनक्सवर टर्मिनलमधून आयपी दिला की इंटरनेट बंद पडतं, आणि रीस्टार्टनंतर तो आयपीही जातो. असं का?

तुमची गोष्ट थोडक्यात अशी: शाळेच्या लॅबमधला जुना पीसी, त्यावर डेबियन १२, डेस्कटॉप नाही. जुन्या नोट्स बघून आयएफकॉन्फिग (नेटवर्क सेटिंगची जुनी कमांड) चालवलं तर 'कमांड नॉट फाउंड'. मग ती कमांड ज्यात असते ते नेट-टूल्स पॅकेज टाकलं, इंटरफेस (नेटवर्क कार्ड) डाउन केला, १९२.१६८.१.५० दिला, अप केला. राउटर पिंग होतो, बाहेरचं काहीच लागत नाही. आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा राउटरने दिलेला आयपी.

(मराठी कीबोर्डवरून लिहितोय, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

तुमच्या नोट्स चुकीच्या नाहीत, जुन्या आहेत. आयएफकॉन्फिग १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासूनचं. डेबियनने २०१७ च्या आवृत्ती ९ पासून ते आपोआप टाकणं बंद केलं. आता 'आयपी' ही एकच कमांड: 'आयपी लिंक' म्हणजे कार्ड आणि केबल, 'आयपी ॲड्र' म्हणजे पत्ते, 'आयपी रूट' म्हणजे वाटा. नुसतं 'आयपी ए' किंवा 'आयपी आर' टाइप केलं तरी चालतं. आणि कार्डाचं नाव ईएनपी३एस० असं विचित्र दिसलं तर घाबरू नका. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस ३, एस० म्हणजे स्लॉट ०. कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्याचाच तो पत्ता.

आता इंटरनेट का गेलं ते. इंटरफेस डाउन केला की त्याच्यावरून जाणाऱ्या सगळ्या वाटा कर्नल (लिनक्सचा गाभा) पुसून टाकतो. पुन्हा अप केल्यावर लॅबच्या नेटवर्कची वाट परत येते, कारण ती पत्त्यावरूनच ठरते. पण 'बाकी सगळं राउटरकडे पाठव' ही डीफॉल्ट रूट डीएचसीपीने (राउटरकडून आपोआप पत्ता घ्यायची पद्धत) दिलेली होती, ती आपोआप परत येत नाही. म्हणून राउटर पिंग होतो आणि पुढे काळोख. 'आयपी आर' चालवून बघा, 'डीफॉल्ट व्हाया' अशी ओळ नसेल. ती हाताने घालायची: 'आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१' (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो). मग ८.८.८.८ पिंग करा. तो लागला पण वेबसाइटचं नाव लागत नाही, असं झालं तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. इटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये नेमसर्व्हरची ओळ आहे का ते पाहा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात बसून चाकणच्या एका कारखान्यातला सर्व्हर एसएसएचवरून (दुरून कमांड चालवायची सोय) सांभाळायचो. एकदा इंटरफेस डाउन केला, एंटर दाबलं, आणि दुसरी कमांड टाइप करायला स्क्रीनच उरली नाही. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली. रात्री बाइक काढून चाकण गाठलं. पुढच्या वेळी शहाणपणा केला, डाउन आणि अप एकाच ओळीत लिहिले. इंटरफेस मुकाट्याने उठला, पण डीफॉल्ट रूट आली नाही, आणि पुण्याकडे उत्तर पाठवायची वाटच त्याला माहीत नव्हती. पुन्हा बाइक. तुम्ही मशीनसमोर बसलेले आहात, सुखी आहात.

खरं तर पत्ता बदलायला इंटरफेस डाउन करायची गरजच नाही. 'आयपी ॲड्र ॲड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईएनपी३एस०' असं म्हटलं की जुन्या पत्त्याशेजारी नवा बसतो. जुना जात नाही, तो 'डेल'ने वेगळा काढावा लागतो. आयएफकॉन्फिग मात्र जुना काढून त्याच्या जागी नवा ठेवायचं. शेवटचं /२४, म्हणजे नेटवर्क किती मोठं ते सांगणारा मास्क, विसरू नका. आयएफकॉन्फिगला मास्क दिला नाही तर ते अंदाजाने लावतं, १९२ ने सुरू होणाऱ्या पत्त्याला २५५.२५५.२५५.०. 'आयपी' अंदाज करत नाही, सरळ /३२ धरतं. म्हणजे त्या पत्त्याच्या नेटवर्कमध्ये तुमच्याशिवाय कोणीच नाही, त्यावरून राउटरकडे जायची वाटही नाही.

रीस्टार्टनंतर आयपी का जातो? कारण आयएफकॉन्फिग काय किंवा आयपी काय, दोन्ही फक्त चालू कर्नलला सांगतात. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. मशीन उठताना फाइल वाचते, आणि त्या फाइलमध्ये अजूनही 'डीएचसीपी' लिहिलेलं आहे. डेस्कटॉप नसलेल्या डेबियनवर ती फाइल इटीसी, त्यात नेटवर्क, त्यात इंटरफेसेस. तिथे 'आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी' अशी ओळ असेल. त्यातल्या डीएचसीपीच्या जागी 'स्टॅटिक' लिहा आणि खाली दोन ओळी घाला: 'ॲड्रेस १९२.१६८.१.५०/२४' आणि 'गेटवे १९२.१६८.१.१' (म्हणजे राउटर). डीएनएससाठी लोक इथेच 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' अशी ओळ घालतात. रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज नसेल तर त्या ओळीचा काही उपयोग होत नाही, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्येच लिहावं लागतं.

क्रम मात्र पाळा: आधी 'आयएफडाउन ईएनपी३एस०', मग फाइल बदला, मग 'आयएफअप'. उलट केलंत तर डीएचसीपीचा जुना प्रोग्राम मागे चालूच राहतो आणि काही तासांनी राउटरने दिलेला पत्ता पुन्हा आणून चिकटवतो. मग आपण सगळ्यांवर संशय घेत बसतो.

उबंटू सर्व्हरवर हे सगळं नेटप्लॅनच्या यामल फाइलमध्ये असतं. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच हव्यात. 'नेटप्लॅन ट्राय'ची सोय मात्र मला फार आवडते: १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत येते. चाकणच्या काळात हे हवं होतं.

एक गोष्ट हे सगळं करायच्या आधी बघा. ५० हा पत्ता राउटर स्वतः वाटतो त्या रेंजमध्ये तर नाही ना? असेल तर एखाद्या दिवशी तो एखाद्या शिक्षकांच्या मोबाइलला मिळेल आणि लॅबच्या फाइली मधूनच गायब व्हायला लागतील. रेंजबाहेरचा घ्या. किंवा, आणि एकाच मशीनसाठी मी हेच करेन, इंटरफेसेस फाइलला हातच लावू नका. 'आयपी लिंक'मध्ये दिसणारा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) राउटरच्या सेटिंगमध्ये टाकून त्याच्यासाठी ५० राखून ठेवा. पीसी डीएचसीपीवरच राहील, आयपी दरवेळी तोच मिळेल, गेटवे आणि डीएनएसही सोबत येतील. डेबियन पुन्हा टाकावं लागलं तरी काही बदलायचं नाही.