दुखवटा कशाचा?

"मॅडम, थायरॉईडच्या अँटीबॉडीज पॉझिटिव्ह आल्यात. कमी कशा करायच्या?" हा प्रश्न घेऊन येणारी ती कितवी, हे मोजणं मी सोडलंय.

हिचा अँटी-टीपीओ, म्हणजे या अँटीबॉडीजचा आकडा, ६१२ होता, लॅबची मर्यादा ३४. "अठरा पट!" हिशोब तिने घरीच वहीत करून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले होते, सध्या औषध नको, वर्षाने टीएसएच (थायरॉईड ग्रंथी नीट काम करतेय का, ते सांगणारी रक्ततपासणी) करा. तिला ऐकू आलं ते एवढंच, की यांनी मनावर घेतलं नाही. मग तिने स्वतःच आणखी दोनदा तपासणी करवली. ५४० आला तेव्हा आठवडाभर झोप लागली, ६८८ ला उडाली.

पहिल्या भेटीत मी माहिती देत बसले, ही माझी चूक. तिने मान डोलावली आणि तिसरी तपासणी केली ती त्यानंतरच.

भीतीशी वाद घालू नये, माणसाला त्याचेच कागद परत वाचायला लावावेत, असं माझं जुनं मत. पुढच्या भेटीत विचारलं, "याच रिपोर्टांवर टीएसएच किती होता?"

वहीत नव्हता. तिने फोन उघडला. २.१, २.३, २.०. तिन्ही मर्यादेत.

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी गप्प राहिले. (हे गप्प राहणं शिकायला मला खूप वर्षं लागली.)

"म्हणजे ग्रंथी नीट काम करतेय, आणि मी तिच्या दुखवट्याला बसलेय?"

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

या अँटीबॉडीज म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने थायरॉईडवर ठेवलेला डोळा. ग्रंथी पुढे मंदावण्याची शक्यता त्यातून कळते, आज ती किती थकली आहे ते नाही. ते टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक) सांगतात, औषधही त्यांवरूनच ठरतं. अँटीबॉडीजचा आकडा वरखाली होतो, लॅबगणिक मर्यादाही बदलते, म्हणून एकदा पॉझिटिव्ह आल्यावर तो पुन्हापुन्हा मोजून सहसा हाती काही लागत नाही. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या २० वर्षांच्या पाहणीत, अँटीबॉडीज असलेल्या पण टीएसएच नॉर्मल असलेल्या शंभर बायकांपैकी वर्षाला साधारण दोघींचीच ग्रंथी मंदावली. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. थकवा, थंडी सहन न होणं, वजन वाढणं सुरू झालं तर वर्षाची वाट पाहू नका. बायोटिनच्या (केसा-नखांसाठी घेतात त्या) गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी रिपोर्ट फसतो.

निघताना तिने वहीत टीएसएचचा रकाना आखला, खालच्या ओळीत पुढच्या वर्षीचा महिना लिहिला.