डोकं दुखणं म्हणजे नाटक नव्हे

नमस्कार.

तुमचा मुलगा १९ वर्षांचा. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार वर्षं ब्राझिलियन जिउजित्सू (जमिनीवर पकडीत घेऊन हात मुरगळणं, गळा आवळणं) शिकतोय, ब्लू बेल्ट (पांढऱ्याच्या पुढचा पट्टा) आहे आणि गी (जाड कापडाचा अंगरखा) घालून खेळलेल्या दोन स्पर्धांत सुवर्ण मिळवलंय. पुढच्या महिन्यात तुम्ही त्याची पहिली एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी) लढत ठरवलीत आणि विचारलंत, की कॉलेज सोडायला लावू का?

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) मार लागल्यापासून आठवडाभर डोकं दुखतंय म्हणतो. लढत जवळ आली की याची नाटकं सुरू.' ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. उद्याच्या उद्या त्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद आणि ही लढत रद्द. मेंदूला बसलेला एक मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्टही बोलतो. चार पानी पत्रात 'आपल्याला यूएफसीत (एमएमएच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत) जायचंय', 'आम्ही ठरवलंय' हेच आहे. मुलाचं स्वतःचं एक वाक्य नाही. तुमची कुस्ती गुडघ्यामुळे २२व्या वर्षी सुटली, ते दुःख मला कळतं. पण ती राहिलेली कुस्ती त्याच्या मानेवर बसवायचा हक्क तुम्हाला नाही.

'जिउजित्सूवाल्याला कोण हरवणार, रॉयस ग्रेसीनं दाखवलंच की,' असं तुम्ही म्हणता. १९९३मध्ये डेन्व्हरला, पहिल्याच यूएफसीत, या ब्राझीलच्या जिउजित्सूवाल्यानं एका रात्रीत तिघांना हरवलं, खरंय. तेव्हा जमिनीवर पडल्यावर काय करायचं हे समोरच्यांना फारसं ठाऊकच नव्हतं. पुढे सगळेच ते शिकले आणि २००६मध्ये कुस्तीतून आलेल्या मॅट ह्यूजनं त्याच रॉयसला पहिल्या फेरीत हरवलं. तुमच्या मुलाचं यश कॉलर आणि बाही धरून मिळालेलं आहे. एमएमएत धरायला कापड नाही, अंग घामानं निसटतं आणि वरचा माणूस कोपरानं मारतो. पाठीवर पडून, पायांत धरून ठेवून संधीची वाट बघत बसलं, तर पाच मिनिटांची फेरी मार खाण्यातच जाते आणि पंचांचे गुणही वरच्याला जातात. म्हणून आज गार्डचं, म्हणजे पाठीवर पडून पायांनी अडवायच्या या पवित्र्याचं, पहिलं काम म्हणजे वरच्याला सरळ बसू न देणं, मार चुकवणं आणि पाय मध्ये घालून उठून उभं राहणं. यूएफसीत सर्वाधिक सबमिशन (पकडीत अडकवून शरण आणून मिळालेले विजय) मिळवणारा चार्ल्स ऑलिव्हेरा घ्या. २०२२मध्ये त्यानं जस्टिन गेजीला आधी ठोशानं खाली पाडलं, मग पाठीवर चढून गळा आवळला. ठोसे आणि पाडणं आल्याशिवाय तिथे जिउजित्सू वापरायची वेळच येत नाही.

घरी तुम्ही शिकवलेली कुस्ती इथे कामाची आहे, पण तिच्या सवयी मोडाव्या लागतात. चीत होऊ नये म्हणून पैलवान पोटावर वळतो. एमएमएत तेच केलं की समोरच्याला मागून कब्जा मिळतो आणि गळा आवळला जातो. पट काढताना (पाय धरून पाडताना) मान पुढे राहिली तरी तोच धोका. कुस्तीतून आलेले भरत खंडारे २०१७मध्ये शांघायला यूएफसीत उतरले, तेव्हा सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत गिलोटीननं, म्हणजे समोरून काखेत धरून, त्यांची मान आवळली. हे सगळं नव्यानं अंगात मुरायला वर्षं लागतात, महिना नाही.

कॉलेज सोडू नये. पदवीनंतर बीपीएडची (शारीरिक शिक्षणाच्या पदवीची) सीईटी आहे, पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा आहे.

आणि त्याला नुसतं जिउजित्सूच आवडत असेल तर? त्यात ठोसे नाहीत, तो त्यातच राहू दे. हे मात्र त्यानंच सांगायला हवं. डॉक्टरांकडून आल्यावर, तुम्ही शेजारी नसताना, त्याला मला पत्र लिहू द्या. मी वाट बघतोय.