पहिल्या ३०० कॉर्व्हेट एकसारख्या का नाहीत?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी फायबरकाम करतो. अमेरिकेतील शेव्हर्ले कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारचे पहिल्या वर्षीचे सर्व नग फायबरचे आणि पांढऱ्या रंगाचे होते, तरीही ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, असे वाचनात आले. हे खरे आहे का आणि असे का झाले असावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली आणि त्याच वर्षी ३० जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिला नग तयार होऊन बाहेर पडला. मधे जेमतेम साडेपाच महिने होते. उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नव्या पॅटर्नवरून (नमुन्यावरून) निघालेली पहिली काही कास्टिंग (ओतीव भाग) पाहून पुढची दुरुस्ती ठरवतात. येथे मात्र ते शिकणे आणि गाडी विकणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. त्या वर्षी केवळ ३०० गाड्या झाल्या, त्याही बऱ्याच अंशी हातांनी जोडलेल्या.

बाहेरून पांढरा रंग, आत लाल आसने आणि वर काळा कापडी टप, एवढाच पर्याय होता. नवख्या कामगारांच्या लाइनला एकच रंग सोयीचा पडतो. शिवाय फायबरच्या पृष्ठभागावरील लाटा गडद रंगात किती डोळ्यांत भरतात, हे आपल्याला सांगायला नको. सहा सिलिंडरचे, तीन कार्बोरेटरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स सर्व गाड्यांना होता. किंमत ३,४९८ डॉलर सांगितली जाई, पण रेडिओ आणि हीटर ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळे आकारले असले तरी ते प्रत्येक गाडीत बसवलेलेच असत.

त्या रेडिओची हकिकत फायबरकाम करणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरमधून वीज वाहत नसल्यामुळे दिव्यांसाठी अर्थिंगच्या स्वतंत्र तारा ओढाव्या लागल्या. पत्र्याचे बॉनेट इंजिनच्या ठिणग्यांमुळे होणारी रेडिओची खरखर अडवते, तेही येथे शक्य नव्हते, म्हणून इग्निशनच्या भागांवर धातूची आच्छादने बसवली गेली. मात्र फायबर रेडिओलहरी अडवत नाही, याचा लाभ घेऊन अँटेना डिकीच्या झाकणातच जाळीच्या रूपाने घातली गेली. मला या गाडीतील सर्वांत सुंदर युक्ती हीच वाटते. जुने झाकण टाकून नवे बसवणारा मेकॅनिक नकळत अँटेनाही फेकून देतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. कॉर्व्हेटसाठी ठरवलेले खास व्हीलकॅप (चाकांवरची झाकणे) वेळेवर तयार झाले नाहीत, म्हणून पहिल्या सुमारे २५ गाड्यांना शेव्हर्लेच्याच बेल एअर या कौटुंबिक वापराच्या गाडीचे साधे व्हीलकॅप लावले गेले. ते पाहून ‘कोणीतरी चुकीचा भाग बसवला’ असे समजून बदलणे म्हणजे त्या गाडीची साक्षच पुसणे होय. त्याआधी सीरियल नंबर वाचावा. ई५३एफ००१००१ ते ई५३एफ००१३०० असा तो क्रम आहे. त्यातील ‘५३’ हे वर्ष आणि ‘एफ’ म्हणजे फ्लिंट. पुढे १९५४ चे उत्पादन मिझुरी राज्यातील सेंट लुईस येथे गेल्यावर ‘एफ’च्या जागी ‘एस’ आले आणि पांढऱ्याखेरीज इतर रंगही मिळू लागले. पहिले दोन नंबर कंपनीने चाचण्यांसाठी वापरले असे मानले जाते. आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कॉर्व्हेट ही तिसऱ्या नंबरची आहे.