भावाने दारूच्या नशेत बाईक विकायचा तोंडी शब्द दिला, तो पाळावाच लागेल का?

व्यवहार कळण्याच्या पलीकडे प्यायला असेल, तर तो शब्द तुमच्या भावाला कायद्याने बांधत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 12 मध्ये हेच उदाहरण दिलंय: अटी समजत नाहीत किंवा स्वतःचा नफा-तोटा ठरवता येत नाही इतका नशेत असलेला माणूस नशा उतरेपर्यंत करार करू शकत नाही. पण नुसते दोन पेग घेतले होते म्हणून सुटका होत नाही. तोंडी करारही वैध असतो, आणि भान नव्हतं हे सिद्ध तसं म्हणणाऱ्यालाच करावं लागतं. त्या रात्रीचे मेसेज जपून ठेवा, सोबत बसलेल्यांशी बोलून घ्या. सकाळी शुद्धीवर असताना त्याने 'ठरलंय तसंच' असं कळवलं किंवा टोकन घेतलं असेल, तर मात्र बाजू बरीच लंगडी पडते.